पाटी धरणारा हात

नावजीआबांचा चेहरा आठवायला मला थोडा वेळ लागतो. हात मात्र लगेच डोळ्यांसमोर येतो. उजवा हात, उन्हाने रापलेला, भेगाळलेला, आणि करंगळीशेजारचं बोट वरच्या पेरापासून गायब. ते बोट कसं गेलं, असं मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं.

"गवत कापताना गवताबरूबर गेलं," ते म्हणाले. "म्हशीनं खाल्लं आसंल. तिला काय इचारलं न्हाई."

माझ्या जुन्या फोनमध्ये त्या हाताचे एकवीस फोटो आहेत. फोनची काच फुटली आहे, बॅटरी फुगली आहे, तरी चार्जरला लावून ठेवला की तो अजून चालू होतो. ते फोटो मी पुसलेले नाहीत आणि कुणाला दाखवलेलेही नाहीत. बायकोलासुद्धा नाही. माझं आता वय झालं म्हणावं इतकं झालेलं नाही, पण काही गोष्टी पोटात ठेवून झोप येण्याचं वय मागे पडलं आहे. म्हणून हे लिहायला बसलो.

मी सोमाटण्याला राहतो. जमिनीखालून केबल टाकण्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. गावोगावच्या ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेट न्यायचं काम निघालं, तेव्हा मावळातला एक टप्पा आमच्या ठेकेदाराकडे आला आणि मळवलीच्या वरच्या अंगाची एक वाडी माझ्या वाट्याला आली. वाडीचं खरं नाव मी लिहिणार नाही. कातळटेप म्हणू. चाळीसेक घरं, बहुतेक ठाकरांची. आजूबाजूच्या चार वाड्या मिळून एक ग्रामपंचायत, आणि तिचं दोन खोल्यांचं कार्यालय कातळटेपात. नावजीआबा त्या कार्यालयाचे शिपाई. शिपाई म्हणजे मानधनावरचे. कायमचे कधीच नव्हते.

कार्यालयात त्यांच्यासाठी खुर्ची होती. तिच्यावर ते बसलेले मी पाहिले नाहीत. उंबऱ्यावर बसायचे, एक पाय आत, एक बाहेर. कार्यालयाची किल्ली करदोट्याला बांधलेली. कुलूप उघडायचं म्हणजे सदरा वर करायचा आणि किल्ली न सोडता कमरेसकट कुलपाला जाऊन भिडायचं. ग्रामसेवक म्हणायचे, "आबा, एक दिवस त्या कुलपातच अडकून बसाल."

"आडकलो तर हापिस तरी उगडं ऱ्हाईल," आबा म्हणायचे.

तरुणपणी ते विहिरी खणणाऱ्या टोळीत होते. त्यामुळे सगळं अंगावर मोजायचे. घोटा, गुडघा, कंबर, छाती, आणि त्याहून खोल असेल तर हात वर करून एक पुरुष. फूट आणि मीटर त्यांना समजत होते, पण टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. "टेप वढला का वाढतो. गुडगा वाढत न्हाई." भात कमरेएवढं, ओढा घोट्याएवढा, ग्रामसेवकांचा राग गुडघ्याएवढा, आणि तालुक्याच्या कचेरीतली रांग दोन पुरुष. मला ताप आला होता तेव्हा कपाळाला हात लावून म्हणाले होते, "कमरेपत्तुर हाय. छातीला आला तर डाक्टरकडं जाऊ."

मी कामाला गेलो त्या आधीच त्यांनी कार्यालयाच्या बाहेरच्या खोलीतला एक कोपरा चुन्याने पांढरा करून ठेवला होता. तिथे आंब्याच्या फळ्यांचं एक टेबल. फळ्या त्यांनी स्वतः तासलेल्या, एक पाय जरा आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा.

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"संगीचं. तिचं केंद्र हाय हितं."

संगीता म्हणजे त्यांची मुलगी. बारावी झालेली, लोणावळ्याला जाऊन-येऊन कॉम्प्युटरचा कोर्स केलेली. केंद्र अजून नव्हतं, कॉम्प्युटर नव्हता, इंटरनेट तर नव्हतंच. फोनला रेंज हवी असली तर वाडीमागच्या चढावर एक खडक होता, त्याच्या टोकावर उभं राहावं लागे. दाखला, पेन्शन, रेशनकार्डावरचं नाव, पोरांचे फॉर्म, सगळ्यासाठी लोक दिवस मोडून मळवलीला नाहीतर लोणावळ्याला उतरत. पण टेबल तयार होतं.

आबांची बायको खालच्या बंगल्यांमध्ये भांडी घासत घासत गेली. वाडीतल्या मुली शिकल्या, न शिकल्या, शेवटी तिकडेच जात. शनिवार-रविवार येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक, चादरी, भांडी. आबांनी तेवढ्यापुरता हट्ट धरला होता. माझ्यापाशी तो त्यांनी एकदाच बोलून दाखवला.

"संगीला खाली जायाचं न्हाई, सायेब. बस्स. बाकी द्येवानं काय बी द्यावं. तुमची वायर आली का ती हितं बसंल, माज्या डोळ्याम्होरं."

त्या वायरमधून काय येतं हे त्यांना समजून घ्यायचं होतं. मी एक तुकडा सोलून आतला काचेचा धागा दाखवला. केसाएवढा. यातून उजेड जातो, म्हणालो. त्यांनी तो धागा उरलेल्या बोटांच्या चिमटीत धरला आणि दुसरं टोक सूर्याकडे केलं. टोकावर टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका चमकला. ते धागा हलवून तो ठिपका विझवत-पेटवत राहिले.

मग म्हणाले, "म्हंजी तुमी जमिनीत उजेड पुरताय?"

दुसऱ्या दिवसापासून वाडीत इंटरनेटला कुणी इंटरनेट म्हणेना. उजेड कधी येणार, एवढंच विचारत.

आता माझा भाग.

मळवलीपासून कातळटेपपर्यंत चार किलोमीटरच्या वर अंतर. पहिला अर्धा किलोमीटर भाताची खाचरं, पुढे नुसता कातळ. कातळ फोडायला यंत्र लागतं. ठेकेदार म्हणाला, यंत्र दुसऱ्या साईटवर अडकलंय, तू हाताने जेवढं होतंय तेवढं कर आणि मार्चअखेर काम संपव. नियमात जे मीटर लिहिले होते ते आबांच्या मापात छातीएवढे होतात. आम्ही कुठे गुडघ्याएवढं खणलं, कुठे घोट्याएवढं. काही ठिकाणी केबल कपारीत दाबली आणि वर दगड लोटले. खणायला वाडीचीच माणसं होती, पण त्यांना नियम ठाऊक नव्हता.

काम पूर्ण झाल्याचा पुरावा म्हणून फोटो लागत. दर दोनशे मीटरवर चराचा फोटो; आत उभी मोजपट्टी, बाजूला मळवलीपासूनचं अंतर लिहिलेली पाटी. त्या वेळी फोटोवर जागेची नोंद आपोआप उमटायची सक्ती नव्हती. पाटीवर लिहिलेला आकडा हीच जागा.

मी आबांना पंचायतीमागच्या मऊ मातीत एक खड्डा खणायला सांगितला. छातीएवढा. त्यांनी तो एका सकाळीत खणला, कडा अशा ताशीव की जणू विहिरीचा पाया. मग अंघोळ करून, स्वच्छ सदरा आणि इस्त्रीची टोपी घालून आले, कारण फोटो काढायचा होता.

"चेहरा नको आबा," मी म्हणालो. "पाटी धरा फक्त. खड्ड्यात हात घालून. सरळ. बोटं खालून, अक्षरावर बोट येऊ द्यायचं नाही."

"येवडी टोपी घातली ती?"

"टोपी घाला की. पण फोटोत येणार नाही."

त्यांनी पाटी धरली. मी खडूने दोनशे लिहिलं, फोटो काढला. पुसलं, चारशे लिहिलं. दर फोटोला मी खड्ड्याची बाजू बदलत होतो, तळाशी कधी मुरूम टाकत होतो, कधी काळी माती, कधी पाला. आबांना ते गौरीची आरास केल्यासारखं वाटलं असावं. "हितं जरा दगूड ठिवू का?" असं म्हणून तेच सुचवायला लागले. आकडा दोन हजारांच्या पुढे गेला तेव्हा थांबले.

"सायेब, आंतर लिवताय दोन हजार, आन आपण तर हितंच हाय."

"हे नमुन्याचे फोटो आहेत आबा. खरे नंतर काढायचे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. काचेच्या धाग्यातून उजेड जातो, असंही मीच सांगितलं होतं आणि ते खरं निघालं होतं. त्यांनी पाटी पुन्हा सरळ केली.

एकवीस फोटो. एक खड्डा. एक हात.

कार्यालयात इंटरनेटचं यंत्र बसलं आणि त्यावरचा दिवा हिरवा झाला, त्या दिवशी आबांनी ग्रामसेवकांना यंत्रासमोर चप्पल काढायला लावली. संगीताचं केंद्र सुरू झालं. दारावर तिने पुठ्ठ्यावर लिहून लावलं, 'सर्व फॉर्म भरून मिळतील'. तिचा 'फ' वेगळाच होता. मागचं गाठोडं मोठं, एखाद्या ओझं घेतलेल्या बाईसारखा.

पहिली गिऱ्हाईक म्हणजे ठकूमावशी, आबांच्याहून थोरली विधवा. पेन्शन चालू राहायची तर ती जिवंत असल्याचं दरवर्षी यंत्रावर अंगठा लावून सांगावं लागे. अंगठा उमटेना. आयुष्यभर भाताची लावणी करून रेघाच झिजलेल्या.

"मावशे, मशीन म्हंतंय तू मेलीस," आबा म्हणाले.

"त्याच्या आईला सांग म्हनावं, सकाळी भाकरी कुनी थापल्या?"

आबांनी पाणी कोमट करून आणलं. तिचा अंगठा त्यात धरून बसले, मग आपल्या सदऱ्याच्या टोकाने पुसला, खोबरेल लावलं, पुन्हा पुसला. चौथ्यांदा उमटला. संगीता ओरडली, "झालं! मावशी, तू आहेस!"

"व्हते की," ठकूमावशी म्हणाली. "तुमालाच उशिरा कळलं."

खोलीत जेवढे होते तेवढे सगळे हसले. मीसुद्धा. मला वाटलं, चर उथळ असला म्हणून काय झालं, उजेड तर आला. स्वतःची समजूत घालायला माणसाला फार काही लागत नाही.

दोन-अडीच महिने दिवा हिरवा होता. त्या काळात मी दोन-तीनदा वर गेलो. टेबलासमोर रांग असे. चारही वाड्यांतून लोक येत. बचतगटाच्या बायका नाचणीच्या पापडांचे फोटो पाठवून लोणावळ्यातल्या दुकानांकडून ऑर्डर घेत. मास्तर शाळेची माहिती तिथूनच भरत. आबा उंबऱ्यावर बसून नंबर लावत आणि स्वतःच्या मुलीला "म्याडम" म्हणत. "म्याडम कामात हायेत. बसा."

मग खाली मळवलीच्या बाजूला एका नव्या बंगल्याकडे जाणारा रस्ता सपाट करायला जेसीबी आला. मला आबांचा फोन आला तो त्या रेंजच्या खडकावरून. वारा एवढा होता की अर्धं ऐकू येत नव्हतं.

"सायेब, दोरा तुटलाय. केसावानी लोंबतोय भाईर. मी बगून आलो. गुडग्याच्या बी वर व्हता हो."

"आबा, ते कुणाला बोलू नका."

"काय?"

"खोली. खोली कुणाला सांगू नका."

वाऱ्याचाच आवाज आला. मग ते म्हणाले, "बरं."

मी जाऊन जोड मारून दिला. पावसाळ्यात मात्र केबल तीन-चार ठिकाणी उघडी पडली, गुरांच्या पायाखाली आली, एका जागी दरडीबरोबर वाहून गेली. आता नवीनच टाकायला हवी होती. ठेकेदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "कागदावर ती छातीएवढी खाली आहे. छातीएवढ्या खालची केबल गुरांच्या पायाने तुटली, असं लिहून देणार आहेस का? लिहून दे. फोटोंखाली सही तुझी आहे."

मी लिहून दिलं नाही. आणि केबल तुटल्याची नोंदच नाही म्हटल्यावर कागदावर कातळटेपचा दिवा हिरवाच राहिला. पुढे बिनतारी जोडणीची एक योजना आली, तेव्हा आजूबाजूच्या वाड्यांची नावं तिच्यात गेली. कातळटेपचं वगळलं. तिथे इंटरनेट 'चालू' होतं.

आबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते रोज सकाळी कार्यालय उघडून आधी यंत्राकडे बघत. दिवा तांबडा असला की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर कुंकवाचा ठिपका लावत. हिरवा असता तर काय लावला असता, असं मी विचारलं. "चालू आसल्यावर कशाला लावायचं?" म्हणाले. पानामागून पान कुंकवाने भरत गेलं. आणि रोज संगीता येऊन टेबल पुसायची. गिऱ्हाइकं फोन घेऊन तिच्याबरोबर खडकावर चढायची, ती तिथे उन्हात उभी राहून फॉर्म भरायची. फॉर्म अर्ध्यावर अडकायचा, पुन्हा पहिल्यापासून. हळूहळू लोक पुन्हा खाली जायला लागले.

"सर, तुम्ही नुसतं खरं सांगा, होणार आहे का नाही," ती मला एकदा म्हणाली. "नसेल तर मी दुसरं बघते. पण बा ऐकत नाही. रोज म्हणतो, आज हिरवा होईल. मला तिथनं उठू देत नाही."

मी म्हणालो, "प्रयत्न चालू आहेत."

तिने शेवटी वर अर्ज केला. वाडीतल्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन. त्या अर्जावर चौकशी लागली.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी कातळटेपला गेलो. मला कुणी पाठवलं नव्हतं. माझा मी गेलो. आबा पंचायतीमागे बसून कुंपणाच्या काठ्या सोलत होते. तो खड्डा अर्धवट बुजला होता, त्यात कण्हेर लावलेली होती. मी त्यांना सांगितलं की उद्या साहेब फोटो दाखवतील, विचारतील. हात तुमचा आहे हे दिसतंय. मी सांगून केलं, असं म्हणालात तर माझी नोकरी जाईल, ठेका जाईल, आणि मग केबल कुणीच टाकणार नाही. गप्प राहिलात तर येत्या उन्हाळ्यात मी नवीन केबल टाकून देतो. स्वतः उभा राहून.

त्यांनी काठी बाजूला ठेवली.

"ते नमुन्याचे फोटू?"

"हो."

"खरं नंतर काडायचं व्हतं, ते?"

 ते कण्हेरीकडे बघत राहिले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"नवी टाकनार ती किती खोल?"

"छातीएवढी."

"बगा हां."

"शब्द देतो."

"संगी हितंच बसंल?"

"हितंच बसेल, आबा."

दुसऱ्या दिवशी चौकशीचे साहेब आले. भला माणूस होता, कंटाळलेला. कॅलेंडर बघून म्हणाले, "अरे वा, एवढे मुहूर्त?" कुणी हसलं नाही. मग त्यांनी फोटोंच्या मोठ्या प्रती टेबलावर मांडल्या. त्याच आंब्याच्या टेबलावर, एकवीस. एकाशेजारी एक ठेवल्यावर काय दिसतं ते मी स्वतः तोवर कधी पाहिलं नव्हतं. आकडे बदलत होते, माती बदलत होती, आणि प्रत्येकात तीच तीन बोटं आणि एक थोटूक.

संगीता भिंतीला टेकून उभी होती. तिने फोटोंकडे पाहिलं, मग बापाच्या हाताकडे. ग्रामसेवकांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"हा हात कुणाचा?" साहेबांनी विचारलं.

"माजा," आबा म्हणाले.

"सगळ्यांत?"

"समद्यात."

"हे चार हजार मीटर, हे दोनशे मीटर. तुम्ही सगळीकडे गेला होता?"

"न्हाई."

"मग? कुणी सांगितलं होतं धरायला?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो, ठेकेदाराचा माणूस म्हणून. त्या खोलीला एकच दार होतं आणि आबा सवयीप्रमाणे त्याच्या उंबऱ्यावर, एक पाय आत, एक बाहेर. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. हे मी इतक्या वेळा स्वतःला सांगितलं आहे की आता ते मला खरं वाटत नाही.

"पाटी माज्या हातात व्हती," ते म्हणाले. "धरली म्या."

"पण कुणी..."

"धरली म्या, सायेब. येवडंच लिवा."

संगीता म्हणाली, "बा!" एवढंच. ते तिच्याकडेही बघेनात.

त्या कागदाचं पुढे काय झालं ते मला पुरतं कधी कळलं नाही. स्थानिक पातळीवर फोटोंमध्ये गफलत झाली, अशा काहीशा शब्दांत ते मिटलं; फोटोंखालच्या माझ्या सहीबद्दल मला कुणी विचारलंच नाही. ठेकेदाराने उन्हाळ्याच्या आधीच मावळातलं काम आवरतं घेतलं आणि मला दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलं. मी गेलो. नवीन केबलचा विषय मी त्याच्याकडे एकदा काढला होता. एकदाच. तो हसला.

आबांना पंचायतीने उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. करदोट्याची किल्ली काढताना गाठ सुटेना, म्हणून ग्रामसेवकांनी ब्लेडने करदोटाच कापला, असं मला ग्रामसेवकांनीच पुढे कधीतरी फोनवर सांगितलं. त्यांनाही ते कुणालातरी सांगायचं होतं. वाडीत लोकांनी आपला अर्थ लावला. आबाने ठेकेदाराशी संगनमत केलं. पाणवठ्यावर, लग्नात, बाया तोंडावर म्हणायच्या, "आबानं उजेड खाल्ला." ठकूमावशी तेवढी भांडायची. आबा म्हणे काही उत्तर देत नसत. मी शब्द दिला होता आणि ते अजून उन्हाळ्याची वाट बघत होते. दोन उन्हाळे.

त्यांना खरं सांगून मोकळं व्हायला काय हरकत होती, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही वाटतं. पण सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि केबलची उरलीसुरली आशाही, असं मीच त्यांच्या मनात भरवलं होतं. त्यांना मी ज्यात उभं केलं होतं ते छातीएवढं खोल होतं, आणि कडा त्यांच्या स्वतःच्या हाताने ताशीव केलेल्या.

गेल्या नाताळच्या सुट्टीत बायकोला घेऊन लोणावळ्याला चाललो होतो. जुन्या हायवेवर गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. अशा दिवशी रस्त्याच्या कडेला, बंगल्यांचे पाहुणे पकडायला, माणसं पाट्या घेऊन उभी असतात. गाडी थांबली की पाटी काचेपाशी आणतात. बायको म्हणाली, "काच लाव, नाहीतर चिकटतील." मी बटणाकडे हात नेला आणि माझ्या काचेबाहेर एक पाटी आली. 'बंगला भाड्याने. स्विमिंग पूल. फास्ट वायफाय.' त्यातला 'फ' ओझं घेतलेल्या बाईसारखा होता. मग मी पाटीखालची बोटं पाहिली.

"आबा," मी म्हणालो.

ते वाकले. केस पूर्ण पांढरे, अंगात बंगल्याने दिलेलं, मापाला मोठं जाकीट. ओळखायला त्यांना क्षणभरही लागला नाही.

"सायेब. बरं हाय ना?"

"तुम्ही इथे?"

"हितंच आसतो आता. संगी आत हाय, सैपाकाला. मी भाईर."

मला काहीतरी बोलायचं होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "वायफाय आहे म्हणजे... केबल आली इकडे?"

"आली की. ह्या बंगल्याला आली." त्यांनी पाटी काखेत धरली आणि तळहात छातीवर आडवा ठेवला. "येवडी खोल. म्याच खनली."

त्यांच्या आवाजात टोमणा शोधायचा मी खूप प्रयत्न केला आहे. नव्हता. खोदाई चांगली झाल्याचं ते सांगत होते.

मागच्या गाडीने हॉर्न दिला, मग तिच्या मागच्या दोघांनी.

"आबा, मला तुमच्याशी..."

"गाडी फुडं घ्या सायेब, मागं लायन लागली."

मी गाडी पुढे घेतली. बायकोने विचारलं, "कोण होते?" मी म्हणालो, "कामावर होते माझ्याबरोबर." ती म्हणाली, "बिचारे," आणि फोन बघायला लागली.

बाजूच्या आरशात ते मागून येणाऱ्या गाडीकडे वळताना दिसले. पाटी काखेतून काढली, सदऱ्याच्या टोकाने तिच्यावरची धूळ पुसली आणि वर केली. अगदी सरळ. बोटं खालून, एकाही अक्षरावर न येऊ देता, मी दाखवलं होतं तशी.